शेरीफ बर्लचा संप

अ‍ॅक्रन, ८ फेब्रुवारी १९९८

वेंडेल,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच केराच्या टोपलीत टाकलं असतंस, म्हणून वरचा पत्ता ओपलकडून लिहून घेतला. ओपल माझ्याबरोबर शाळेच्या भोजनगृहात काम करते. तिचं अक्षर बँकेतल्या बाईसारखं आहे, त्यामुळे लोक घाबरून तिची पत्रं उघडतात. तुझा पत्ता नाडीनने दिला. तुझी बायको होती तेव्हा ती माझ्याशी धड बोलत नसे, आता सोडून गेल्यावर मात्र तासभर बोलली.

तर आता पाकीट फोडलंच आहेस, तर वाच. बाबांबद्दल मी एक अक्षर काढणार नाही. तू त्यांच्या मातीला का आला नाहीस, हेही विचारणार नाही. नऊ वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही, ती नऊ वर्षं बाजूला ठेव. मला एक माहिती हवी आहे आणि ती जगात तुझ्याशिवाय कोणाकडे नाही.

शेरीफ बर्ल तुला आठवतो का?

झालं असं की मंगळवारी आम्ही वाटाण्याचे डबे उघडत होतो आणि बोलता बोलता लहानपणीच्या शनिवारच्या कार्टूनांवर गाडी गेली. कोण किती पहाटे उठायचं, कोणाची आई दूध सांडलं म्हणून ओरडायची, असं चाललं होतं. मी म्हटलं, माझं आवडतं फ्रिजचं होतं.

"कशाचं?" ओपलने विचारलं.

"फ्रिजचं. फ्रिजवर वीज पडते, तो जिवंत होतो आणि वाळवंटातल्या एका गावाचा शेरीफ होतो. त्याच्या पोटात तीन पोरांचा बँड राहतो. आणि खारवलेल्या काकड्यांची एक बरणी असते, त्यातली एक काकडी वकील असते. वकील डिल."

"ट्विला, सकाळी काही खाऊन आलीस ना गं?"

"खटला उभा राहिला की ती काकडी बरणीच्या तळाशी जाऊन बसते."

"वकील सगळे तसलेच. पण बाई, हे कार्टून नव्हतं. तुला ताप भरला असणार."

मग पैज लागली. हरेल तिने महिनाभर सूपचं मोठं पातेलं घासायचं. ते पातेलं तू पाहिलेलं नाहीस. घासायला आत उतरावं लागतं.

ओपलला जे सांगितलं तेच तुलाही लिहिते, कुठे चुकलं तर दुरुस्त कर. मला ताप नव्हता, प्लास्टर होतं. मी नऊ वर्षांची, तू तेरा. छत्री उघडून गॅरेजच्या छतावरून उडी मारली की माणूस तरंगतो, असा माझा समज होता. मांडीचं हाड मोडलं आणि कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत मला पांढऱ्या साच्यात घातलं. न्हाणीघर वर, म्हणून मीही वरच्या खोलीत. आणि टीव्ही खाली बैठकीत, कपाटाएवढा, चार माणसांशिवाय न हलणारा. शनिवार आला की मी रडून घर डोक्यावर घ्यायची.

मग तूच शोध लावलास. तळघरातल्या घर तापवायच्या भट्टीतून गरम हवेचा जो जाड नळ भिंतीतून वर येतो, त्याची एक जाळी बैठकीत आणि एक माझ्या उशाशी. आईने माझा पलंग जाळीला लावला. टीव्हीचा आवाज नळातून वर यायचा, आणि चित्रात काय चाललंय ते तू जाळीला तोंड लावून सांगायचास. "आता बर्लने दार उघडलं. आत समुद्र आहे. पोरं होडीत बसली." असं. तो नळाचा वास, तापलेल्या धुळीचा, मला अजून येतो.

सगळं आठवतं मला. चूलमावशी साखरेचे खडे मोजून द्यायची ते. टोस्टर महापौर बर्लला रात्रपाळी लावतो ते. आणि बर्लचा संप! बर्ल स्वतःचा प्लग भिंतीतून ओढून काढतो, आतला दिवा विझतो, पोरं अंधारात, डिल म्हणतो, "हे माझ्या बरणीच्या कक्षेबाहेरचं आहे." पुढच्याच आठवड्यात माझं प्लास्टर कापलं. मी काठी टेकत शनिवारी खाली आले, तर टीव्हीवर कसलंसं कुत्र्याचं कार्टून. तू म्हणालास, "बर्ल संपलं. गेल्या शनिवारीच." मी किती रडले होते!

वेंडेल, मी आता तिशीची आहे, मला दोन लेकरं आहेत आणि डोक्यावर घराचं कर्ज आहे. तरीही मला जाणून घ्यायचंय की तो प्लग परत कोणी लावला. एवढं कळव. बाकी काही मागत नाही.

तुझी, निदान जन्मदाखल्यापुरती तरी, बहीण
ट्विला


अ‍ॅक्रन, १ मार्च

वेंडेल,

ताडाच्या झाडाचं पोस्टकार्ड पोचलं. "ट्विला, असं कार्टून नव्हतं. तुला दुखण्याच्या गोळ्या देत होते. वें." नऊ वर्षांनी भावाच्या हातचं पोस्टकार्ड यावं आणि तेही धडधडीत खोटं असावं!

हो, खोटं. कारण मी बर्लला शोधून काढलाय.

तुला माहीत आहे, माझ्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती कुत्र्याचं शेपूट होते, नळीत घाला नाहीतर वजन बांधा. वाचनालयातल्या बाईने मला संगणकावर बसवलं. जुन्या कार्टूनांवर एकमेकांचं डोकं खाणाऱ्या लोकांचा तिथे अड्डाच आहे. मोठी मोठी माणसं, आणि भांडतायत कशावर, तर अमुक माकडाची टोपी हिरवी होती की निळी. मी विचारलं, वकील काकडी कोणाला आठवते का? दुसऱ्या दिवशी पेन्सिल्व्हेनियातून लेस्टर नावाच्या माणसाचा फोन नंबर आला. निवृत्त पोस्टमन. त्याच्या तळघरात टेपांची इतकी खोकी आहेत की बायको कपडे वाळत घालायला शेजारणीकडे जाते.

"शेरीफ बर्ल!" तो फोनवर ओरडलाच. "बाई, आधी खाली बसा. मी तर उभाच राहिलो."

बर्ल होता, वेंडेल. सत्त्याहत्तर सालच्या सप्टेंबरात आला आणि सहा शनिवारांत गेला. का, ते ऐक. आयांच्या संघटनांनी चॅनेलला पत्रांवर पत्रं पाठवली. फ्रिजच्या पोटात पोरं राहतात आणि गाणी म्हणतात, हे बघून आमची पोरं टाकलेल्या फ्रिजांत शिरून बसतील आणि गुदमरतील! हे सगळं लिहिणाऱ्याच्या, काढणाऱ्याच्या, विकत घेणाऱ्याच्या, एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं म्हणे. चॅनेलने एका शुक्रवारी कार्टून उचललं आणि शनिवारी तिथे कुत्र्याच्या जुन्या गोष्टी लावल्या.

"सहाच?" मी विचारलं.

"सहाच. सगळे आहेत माझ्याकडे. एकात जाहिरातीसुद्धा आहेत."

"मग संपाचा कितवा?"

"कसला संप?"

"बर्ल संपावर जातो तो."

तो म्हणाला, "बाई, शनिवारी सकाळी? शाळकरी पोरांना? चॅनेलवाले फ्रिजला संपावर जाऊ देतील? त्यापेक्षा त्याला तुरुंगात घातला असता."

"आणि चूलमावशी?"

"कुठली मावशी?"

मी चिडले. म्हटलं, कान माझे होते, तुमचे नव्हते. आणि त्याला आणखी एक सांगितलं, जे ओपललाही सांगितलं नव्हतं. तुलाही कधी सांगितलेलं नाही. नंतर नंतर त्या कार्टूनमधलं हसणं बदललं होतं. आधी कसं, त्या काळच्या सगळ्या कार्टूनांत असायचं तसं, मागे माणसांचा घोळका हसायचा. मग तो घोळका गेला आणि एकच माणूस उरला. एकटा. घोगरा. आणि भलत्याच ठिकाणी हसायचा. विनोद होऊन जायचा, बर्ल पुढचं बोलायला लागायचा, तेव्हा कुठे याला हसू फुटायचं. आणि मधेच कोणीतरी तोंड दाबल्यासारखं बंद. मला वाटायचं, टीव्हीवाल्यांची पैशाची ओढाताण असेल, म्हणून एकच हसणारा ठेवलाय. मला तो फार आवडायचा. मी त्याच्याबरोबर हसायची.

लेस्टर म्हणाला, "ते हसणं यंत्रातून यायचं, बाई. एकच टेप सगळ्या कार्टूनांना. एकटा माणूस त्यात नव्हता." मग हळूच, दुकानात घासाघीस करतात त्या आवाजात म्हणाला, "तुमच्याकडे न दाखवलेले भाग असतील तर मी माझी सगळी टेप पाठवतो. आधी माझी बघा, मग बोलू."

टेप निघाली आहे. तोवर तू सांग. गोळ्यांचं पुन्हा सांगू नकोस. गोळीने काकडी दिसू शकते, पण गोळीने ती वकिली कशी करेल?

ट्विला


अ‍ॅक्रन, २२ मार्च

वेंडेल,

ओपल पातेल्यात उतरली. तिचे फक्त बूट दिसत होते. सगळ्या भोजनगृहाने टाळ्या वाजवल्या. पैज मी जिंकले आणि त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

पोरांना झोपवून टेप लावली. पहिल्यांदाच बर्लला डोळ्यांनी बघत होते. हिरवट फ्रिज, डोक्यावर छोटी टोपी, दोन बारीक पाय. माझ्या मनातला बर्ल केवढा मोठा होता, दारातून आडवा होऊन जाणारा. असो, म्हटलं, चित्र मनातल्यापेक्षा गरीबच असतं. पण मग त्याने तोंड उघडलं. आवाज कसा, तर गाड्या विकणाऱ्यासारखा, नाकातला, घाईचा. मी टीव्हीचं बटण फिरवून पाहिलं, टेप जोरात फिरतेय की काय म्हणून.

माझा बर्ल असा बोलत नाही. माझा बर्ल सावकाश बोलतो. शब्द आधी चघळतो. वेस्ट व्हर्जिनियात आपले आजोबा ओट्यावर बसून बोलायचे तसा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरासा खाली उतरणारा.

सहाही भाग बघितले. तू सांगितलेलं सगळं तिथे आहे. दारात समुद्र आहे, होडी आहे, तुझं वर्णन तंतोतंत. चूलमावशी नाही. रात्रपाळी नाही. संप नाही. सहावा भाग संपला, बँडने गाणं म्हटलं आणि पुढे मुंग्यांसारखी पांढरी खरखर.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले, आणि मग एकेक आठवायला लागलं. एका शनिवारी तू चित्र सांगेनासा झालास. मी जाळीतून विचारलं होतं, "काय दिसतंय?" तर तू म्हणालास, "आता ऐकूनच कळतं. नीट ऐक." आणि त्या दिवशी बर्लला सर्दी झाली होती. आवाज बसलाय, असं तो स्वतःच म्हणाला होता. सर्दी उतरलीच नाही, आणि मला तो नवा आवाज इतका आवडला की जुना मी विसरून गेले.

साखरेचे खडे मोजून देणारी चूलमावशी? अरे, ती आपली ओनिडामावशी! कॉफीत दुसरा चमचा घातला की डोळे वटारणारी. रात्रपाळी बाबांची. आणि संप कुठला, ते मला कोणी सांगायला नको. आदल्या उन्हाळ्यात बाबांचा टायरचा कारखाना संपाने बंद होता आणि आपण घेवडा खात होतो. रोज घेवडा.

वेंडेल, तो तू होतास.

आपल्याकडे म्हणतात ना, खोटं बोलावं पण रेटून बोलावं. तू ते सबंध पानगळीभर रेटलंस. मागे कुत्र्याचं कार्टून लावून, जाहिरात आली की टीव्हीचा आवाज मोठा करून, आणि कथा चालू झाली की बारीक करून. तेरा वर्षांचं पोर! तुझ्या वयाची पोरं त्या वेळी गल्लीत चेंडू खेळत होती, आणि तू भिंतीत तोंड घालून काकडीचा आवाज काढत होतास, कारण बहिणीचं कार्टून बंद पडलं हे तिला सांगायची तुझी छाती झाली नाही. मी लेस्टरची टेप बघितली आहे, तेव्हा आता हे मोजूनमापून सांगते. त्यांच्या सहांपेक्षा तुझे चांगले होते. कितीतरी चांगले. मी तेव्हा हसले ते खरं हसले आणि ते तुझ्यासाठी होतं. तुला ते हिशेबात धरता आलं नाही, कारण ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

आणि आता कॅलिफोर्निया कळतं. एकोणिसाव्या वर्षी तू म्हणालास, मी कार्टूनांत आवाज द्यायला चाललो. आम्हाला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. घरात तुला कधी कोणी आवाज काढताना ऐकलं नव्हतं! मी म्हणाले होते, ह्याला हे खूळ आलं कुठून? अरे, ते माझ्याच उशाशी होतं.

बाबांचा विषय काढणार नाही म्हणाले होते, पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तू निघालास त्या दिवशी ते तळघरातून वर आले नाहीत. खालूनच ओरडले, "आवाज काढायचा पगार कोण देतं रे?" ते तू मनात ठेवलंस. तिथे जाऊन तुझं जमलं नाही, आता तू लोकांच्या खोल्या मोजून गालिचे विकतोस, नाडीनने सांगितलं. बाबांचंच खरं ठरलं, असं तुला वाटत असणार. त्यांच्या शवपेटीपाशी उभं राहून ते ऐकून घ्यायचं नव्हतं तुला. हो ना? मला हे आत्ता कळतंय. नऊ वर्षं मी तुला नुसता दगड समजत होते.

पण एक गोष्ट अजून सुटत नाही आणि मला झोप लागत नाही. सगळे आवाज तुझे, मान्य. पण तो हसणारा माणूस? तो तू असणं शक्य नाही. तू बोलत असायचास तेव्हा तो हसायचा. तुझ्या शब्दांवरून त्याचं हसू जायचं. माणूस एका तोंडाने दोन कामं करत नाही.

उद्या आईकडे जाते.

ट्विला


अ‍ॅक्रन, ५ एप्रिल

वेंडेल,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. लेस्टर म्हणतो तसं, आधी खाली बस.

आई बटाटे सोलत होती. मी टेपेचं सांगितलं, तुझ्या आवाजांचं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"तुला आत्ता कळलं?" म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"स्वयंपाकघर कुठे आहे आपलं? बैठकीच्या शेजारी. माझा पोरगा भिंतीशी भांडतोय, हे मला दिसणार नाही?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला? तू खूश होतीस. तो खूश होता. चांगलं चाललेलं मोडायला मी काय महापौर टोस्टर आहे?"

तिला महापौराचं नाव माहीत होतं, वेंडेल!

मग मी हसणाऱ्या माणसाचं विचारलं. घोगरा, एकटा, उशिरा हसणारा. तिने सुरी खाली ठेवली. हात पुसले. पुसलेले पुन्हा पुसले.

"शनिवारी सकाळी तुझा बाप कुठे असायचा गं?"

"झोपलेला. रात्रपाळीहून येऊन झोपायचे."

"झोपायच्या आधी?"

आणि मला एकदम दिसलं. आपल्या गल्लीतल्या सगळ्या घरांची तीच रीत होती ना, काळा रबर माखलेल्या माणसाला त्याची बायको थेट वर येऊ देत नसे. अंगणातून तळघरात उतरायचं, तिथे कपडे काढायचे, तिथेच नळाखाली आंघोळ, मग घरात पाऊल. आईच्या पांढऱ्या पडद्यांपायी बाबांचं निम्मं आयुष्य तळघरात गेलं. तिथे त्यांचं ते उलटं केलेलं लाकडी खोकं होतं, भट्टीच्या शेजारी. गरम हवेचे नळ सगळे त्या भट्टीतूनच निघतात.

आई सांगत होती, ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"एकदा न्याहारी गार व्हायला लागली तरी हा वर येईना. म्हटलं पडला-बिडला की काय. खाली गेले तर खोक्यावर बसलाय. अंगावर तेच काळे कपडे, बूटसुद्धा काढलेले नाहीत. भट्टीला कान लावलाय आणि टोपी तोंडात कोंबून हसतोय. डोळ्यांतून पाणी, गालांवर दोन पांढऱ्या रेघा. मला म्हणतो, 'श्श! काकडी बोलतेय.' "

मी रडायला लागले. आई म्हणाली, "रडू नको, पुढे ऐक."

"त्याला म्हटलं, एमरी, वर चल, पोराला सांग की छान करतोस. तर म्हणाला, 'मी ऐकतोय हे कळलं तर तो बंद करेल. मी असताना तो बोलतो का कधी?' मग दर शनिवारी तेच. मी न्याहारी खालीच नेऊन द्यायला लागले."

"आणि वेंडेल कॅलिफोर्नियाला निघाला त्या दिवशी?"

"तुझा बाप त्या दिवशीही तिथेच बसला होता. ते जे ओरडला ना, आवाज काढायचा पगार कोण देतं म्हणून, तो टोमणा होता असं तुम्ही धरलंत. तुम्ही काय, मीही धरलं. नंतर रात्री मला विचारतो, 'खरंच, कोण देतं गं? पुरेल का त्याला तेवढा?' अगं, त्याला माहितीच नव्हती, म्हणून विचारत होता. पण तुझ्या बापाला सरळ प्रश्नसुद्धा शिवी दिल्यासारखा विचारायची सवय."

ही चौकशी होती, वेंडेल. भोचकपणा मी कोणाकडून घेतला, ते आता कळलं.

शेवटचं एक आणि मग थांबते. माझं प्लास्टर निघालं, तू आवाज बंद केलेस. पुढच्या शनिवारी बाबा येऊन खोक्यावर बसले. नळातून कुत्रं भुंकत होतं. त्याच्याही पुढच्या शनिवारी बसले. मग वर आले आणि आईला म्हणाले, "तुझ्या पोराला विचार ना, त्या फ्रिजचा संप मिटला का?"

"मग तू विचारलंस?"

"मी कशाला विचारू? मला वाटलं, आज ना उद्या तोच विचारेल."

तर प्लग कोणी लावला, हे या घरात माझ्याशिवाय आणखी एकाला हवं होतं. बाबांना ते कळलं नाही. मला वाटतं, तुलाही ते हसायचे हे कळलं नाही. तुझ्या मागे टीव्ही, तोंड जाळीत, तुला खालचं काय ऐकू येणार? मलाच तेवढं ऐकू येत होतं, आणि मी मूर्ख, मला ते टीव्हीतलं वाटत होतं. आपल्याच घरातलं माणूस हसतंय हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण आपल्या घरात बाबा तसे कधी हसलेच नव्हते.

आता मी काही विचारत नाही. तुला जे वाटेल ते कर.

ट्विला


अ‍ॅक्रन, १० मे, मातृदिन

वेंडेल,

पाकिटात नुसती कॅसेट, ना चिठ्ठी ना नाव. वर गालिच्याच्या दुकानाचा शिक्का. मी गाडीत लावणार होते, पण हात आवरला. अशी ऐकायची ती वस्तू नव्हे.

काल शनिवार होता. सकाळी आईकडे गेले. कॅसेटप्लेअर बैठकीत जाळीला तोंड करून ठेवला, बटण दाबलं आणि धावत वर जाऊन माझ्या जुन्या खोलीत जमिनीवर आडवी झाले, कान जाळीला. मोठी बाई, कंबर धरते, उठताना खुर्ची लागते. आईला म्हटलं होतं, तू बैठकीत बस, नीट ऐकू येईल. ती म्हणाली, "नाही, मी खाली जाते." गुडघे दुखत असताना एकेक पायरी उतरत गेली आणि बाबांच्या खोक्यावर बसली. ते खोकं तिने अजून हलवलेलं नाही.

आधी तू खाकरलास. पुन्हा खाकरलास. मला वाटलं, हिंमत होत नाहीये. आणि मग माझा बर्ल बोलला, तसाच, सावकाश. म्हातारा झालाय पण तोच. "पोरांनो, अंधार फार दिवस झाला. बसल्या बसल्या वकिलाने सगळं लोणचं संपवलं." मी तिथल्या तिथे नऊ वर्षांची झाले.

डिल म्हणाला, "ते माझे नातेवाईक होते!"

मी सगळं लिहीत बसत नाही, तूच केलंयस. पण तू जे केलंस त्यासाठी मी तयार नव्हते. टोस्टर महापौर येऊन बर्लपुढे हात जोडतो, बर्ल ऐकत नाही. चूलमावशी साखरेचा अख्खा डबा घेऊन येते, तरी ऐकत नाही. आणि मग तळघराच्या जिन्यावर बुटांचा आवाज. जड, एकेक पायरी. डिल बरणीच्या तळाशी. पोरं विचारतात, कोण आहे? आणि तळघरातली भट्टी वर येते. एवढ्या वर्षांत एक शब्द न बोललेली भट्टी, काजळीने काळी. जिन्यातच थांबते, कारण पांढरे पडदे घाण होतील.

बर्ल म्हणतो, "वर ये ना. पडदे धुता येतात."

भट्टी म्हणते, "मी दर शनिवारी ऐकत होतो. पुढे काय झालं?"

बर्ल म्हणतो, "तू प्लग लावलास तर सांगतो."

ती वाकते, प्लग लावते, आतला दिवा लागतो. बँड वाजायला लागतो, डिल बरणीतून डोकं काढून म्हणतो, "ही सगळी तडजोड माझ्यामुळे झाली." बर्ल पुढचं बोलायला लागतो, आणि तेव्हा, उशिरा, भलत्याच ठिकाणी, भट्टी हसते.

वेंडेल, माझा कानांवर विश्वास बसला नाही. तू ते हसू ऐकलं होतंस? की अंगात होतंच आणि तू नुसतं येऊ दिलंस? कारण त्याच क्षणी नळातून, तळघरातून, आईचा आवाज माझ्या कानात आला.

"अगं बाई, एमरी हसला! ट्विला, ऐकलंस का? हा एमरीच!"

कॅसेट संपून खरखर लागली तरी आम्ही दोघी आपापल्या जागी होतो, मी वर, ती खाली. मग नळातून तिने मला विचारलं, "बैठकीत कोणी नाही ना?"

"नाही," मी जाळीत तोंड घालून सांगितलं.

ती म्हणाली, "मग वेंडेलला म्हणावं, त्याची जागा रिकामी आहे."

जूनमध्ये शाळा बंद होते, मी मोकळी असते. पुढचं दार अजून अडकतं, खांद्याने ढकल. बूट काढू नकोस.

ट्विला